नाकारलेल्यांचा रकाना

डॉ. रझिया मोमीन यांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट, दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि दोनशे बारा फायली होत्या. फायली मी दोनदा मोजल्या. जानेवारी ते मार्च या तिमाहीत डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या दोनशे बारा शस्त्रक्रिया केल्या होत्या. नव्वद दिवसांनंतरच्या तपासणीला दोनशे नऊ जण आले. तिघं आले नाहीत; त्यांतले दोघं वारले होते आणि एक जण लेकीकडं सोलापूरला गेला होता. दोनशे नवांपैकी एकशे अडतीस डोळे यंत्राच्या मते नीट पाहत होते. एकाहत्तर पाहत नव्हते.

"चहा घेणार," डॉक्टरांनी दारातून विचारलं, "की तोही नोंदवावा लागतो?"

मी घेईन म्हणाले. त्यांनी टेबलावर कप ठेवला आणि त्या बाहेर गेल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चपला न काढता फटाफट चालणाऱ्या बाई. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांचे डोळे त्या बावीस वर्षं करत होत्या, आणि येत्या पंधरा दिवसांत ते बंद होणार होतं. त्यावर शेवटची सही करायला मी आले होते.

मी केतकी सातपुते, संख्याशास्त्रात एम. एस्सी. राष्ट्रीय शस्त्रक्रिया नोंदणीत जिल्हा पडताळणी सहायक म्हणून लागून मला पाच महिने झाले होते, आणि नोंदणीवर माझा पूर्ण विश्वास होता. त्याला कारण होतं. हर्निया, पित्ताशय, गुडघा, मोतीबिंदू, देशात रोज होणाऱ्या या साध्या शस्त्रक्रियांचं पुढं काय होतं ते पूर्वी कुणालाच माहीत नसायचं. नोंदणी सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवतात त्या जाळ्यांचा एक सदोष साठा पकडला गेला. सहा राज्यांत विखुरलेले चारशे रुग्ण एका तक्त्यात आल्यावरच तो दिसला. एकेकट्या डॉक्टरला तो कधीच दिसला नसता.

हिशेब सोपा आहे. रुग्णाचं वय, साखर, मोतीबिंदू किती पिकलाय, यांवरून नोंदणी आधीच सांगते की इतक्या शस्त्रक्रियांत इतके निकाल खराब येणं अपेक्षित आहे. प्रत्यक्ष आलेल्या खराब निकालांना या अपेक्षित आकड्यानं भागलं की सर्जनचा गुणांक मिळतो. एकच्या आसपास असेल तर हिरवा. दोनच्या वर लाल. सलग दोन तिमाही लाल आल्या की सरकारी योजनेतून नाव बाद. मोमीन डॉक्टरांचे अपेक्षित होते चौदा, आले एकाहत्तर. गुणांक ५.०७. दुसरी लाल तिमाही.

डोळा नीट पाहतो की नाही, हे ठरवायचं काम गेल्या वर्षाच्या शेवटी यंत्राकडं गेलं. त्याआधी भिंतीवरच्या तक्त्यावरून अक्षरं वाचून घ्यायचे. पण डॉक्टरांनी समोर उभं राहून "दिसतंय ना आता?" असं विचारल्यावर आपल्याकडं "न्हाई" म्हणतो कोण? "बरं दिसतंय, साहेब," म्हणून लोक पाया पडायचे आणि चाचपडत घरी जायचे. म्हणून हे यंत्र. रुग्ण एका डब्यात पाहतो. आत काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या एका बाजूला सरकत राहतात. दिसणारा डोळा त्यांच्यामागं नकळत जातो, झटक्यानं परततो, पुन्हा जातो. धावत्या गाडीतून खांब बघणाऱ्याचे डोळे असेच हलतात. पट्ट्या बारीक बारीक होत जातात. ज्या जाडीला डोळा हलायचा थांबतो, तिथं त्याची नजर संपली. आतला कॅमेरा ही हालचाल टिपतो, आणि आकडा डॉक्टरचा हात न लागता थेट पुण्याच्या मुख्य कार्यालयात जातो. रुग्णाला काही विचारायचंच नाही, खोटं बोलायला जागाच नाही. ते वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं.

एप्रिलमध्ये विरूमामाला मीच थांबवलं होतं.

विरुपाक्ष हावळ, माझ्या आईचा भाऊ. माझे बाबा गेल्यावर माझी पदवीपर्यंतची पुस्तकं त्यानं आणली. तरुणपणी मागावर असताना आडवा धागा घेऊन पळणारा धोटा उडून त्याचा डावा डोळा गेला. पुढं तो वहिफणी करायला लागला. ताण्याचा एकेक उभा धागा आकड्यानं ओढून वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या भोकातून आणि फणीच्या फटीतून काढायचा, ताण्याच्या एका गुंडाळीला, बिमाला, तीन-साडेतीन हजार धागे. हे सगळं एका डोळ्यावर, पस्तीस वर्षं. त्या उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू आला होता.

"धागा दिसत न्हाई असं न्हाई," मामा म्हणाला होता. "दोन दिसत्यात. मग म्या दोन्हीबी ओढतो."

"मामा, चेष्टा नको. ऑपरेशन करायचं."

"करूया की. मोमीन डॉक्टरीण हाय जवळ. समद्या मागवाल्यांची तिनंच केल्यात."

मी तिथल्या तिथं फोनवर नोंदणी उघडली. मोमीन, लाल. "तिथं अजिबात जायचं नाही," मी म्हणाले. "तुला एकच डोळा आहे. मी हिरव्या दवाखान्यात नंबर लावते."

"तू म्हणशील तसं. तू शिकल्याली हाईस."

हिरव्या दवाखान्यांत आम्ही तीन ठिकाणी गेलो. दोन कोल्हापुरात, एक सांगलीत. तिन्ही ठिकाणी एसी, हसतमुख मुली, गुणांकाची हिरवी पाटी. तिन्ही ठिकाणी फॉर्म भरताना व्यवसाय विचारला, आणि 'यंत्रमाग' लिहिल्यावर पुढची तारीख मिळाली. पहिल्यांदा सहा आठवड्यांनंतरची. ती आल्यावर आणखी एक. तिसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरनं मात्र मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. "मॅडम, तुम्हीच नोंदणीच्या, तुम्हाला काय सांगायचं? मागवाल्यांचे डोळे नव्वद दिवसांनी फेल जातात. का ते आम्हाला माहीत नाही. वर्षाला असे दहा घेतले तर मी लाल होतो."

मला त्या डॉक्टरचा राग आला. यंत्राबद्दल मनात काही आलं नाही.

त्या मागच्या खोलीत मी फायलींचे ढीग लावायला लागले. आधी वयानुसार, मग साखरेनुसार, मग बसवलेल्या भिंगाच्या कंपनीनुसार. काहीच निघेना. मग व्यवसाय. दोनशे नवांपैकी चौऱ्याहत्तर जण मागाच्या धंद्यातले होते. त्यांतले त्रेसष्ट नापास. उरलेल्या एकशे पस्तीस जणांत नापास फक्त आठ.

हात, सुई, भिंग तेच. एकशे पस्तिसांवर उत्तम शस्त्रक्रिया करणारी बाई मागवाला टेबलावर आला की आंधळेपणानं सुरी चालवते, असं या आकड्यांचं म्हणणं होतं.

मग मी धंद्यातले जे अकरा पास झाले होते ते काढले. सुताच्या कांड्या भरणाऱ्या सहा बायका, हिशेब लिहिणारे तीन दिवाणजी, दोन तागे वाहणारे हमाल. प्रत्यक्ष मागावर उभा राहिलेला त्यांत एकही नव्हता.

तेवढ्यात फेरतपासणीसाठी बोलावलेले रामलिंग कोरे आले. वय सदुसष्ट, साध्या मागावर चाळीस वर्षं. यंत्राच्या मते नजर ६/६०, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं यांना सहा मीटरवरून. ते खुर्चीत बसले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या ओढणीचा धागा सुटलाय. काठापासनं चौथा."

मी ओढणी उचलून पाहिली. चौथाच होता.

मी त्यांना डब्यासमोर बसवलं. यंत्र नेहमीच्या आवाजात म्हणालं, "समोर बघा." माझ्या पडद्यावर त्यांच्या डोळ्याचा आलेख उमटायला लागला. सरळ रेघ. काहीच न दिसणाऱ्या डोळ्याची असते तशी.

"आजोबा, आत काय दिसतंय?"

"पट्ट्या सरकायल्यात. आता बारीक झाल्या. आता आणिक बारीक."

"मग डोळे का हलत नाहीत तुमचे?"

"का हलवू? समोर बघा म्हणतोय की तो डबा." त्यांनी डोकं बाहेर काढलं. "अहो, मागावर पहिल्याच दिवशी जॉबरनं, आमच्या मुकादमानं, माझ्या मुस्कटात दिली हुती. नजर धाग्यामागं पळाली म्हणून. धोटा पळतोय, फणी पळत्या, कापड सरकतंय. आपली नजर खिळा मारल्यागत एका जागी. मग जे तुटतंय तेवढंच दिसतं. पळत्यामागं पळालं की गरगरतं, आन् तुटका धागा जातोय कापडात. पगार कापत्यात, ताई."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. मग यंत्राचा आवाज बंद केला. याला परवानगी नव्हती; सूचनेतला एक शब्दही बदलायचा नाही, असा नियम आहे. मी म्हणाले, "आजोबा, आता काळ्या पट्ट्या मोजा. एकेक."

"मोजतो की. एक... दोन... तीन..."

सरळ रेघेला करवतीसारखे दाते फुटले. पट्ट्या बारीक होत गेल्या, दाते चालूच राहिले. शेवटी थांबले तेव्हा पडद्यावर आकडा आला: ६/९.

दारात मोमीन डॉक्टर उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"दोन तिमाह्या," त्या म्हणाल्या. "दोन तिमाह्या मी पुण्याला लिहितेय की माझे पेशंट सुईत दोरा ओवतात. उत्तर काय येतं माहितीये? 'रुग्णाच्या सांगण्यावर आधारित पुरावा ग्राह्य नाही.'"

मी उपसंचालक निरगुडे सरांना फोन लावला. मला नोकरीवर घेणारे तेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले. "पण केतकी, हे यंत्र अकरा हजार चारशे लोकांवर पडताळलेलं आहे."

"त्यात मागावर काम केलेले किती होते, सर?"

पलीकडं की-बोर्डचा खटखटाट झाला. "व्यवसाय विचारला नव्हता."

"मग आता विचारूया. सूचना बदलूया. 'समोर बघा'च्या ऐवजी 'पट्ट्या मोजा'. एवढंच."

"सूचना बदलली की जुने सगळे आकडे तुलनेतून बाद होतात. त्यापेक्षा असं करू. पुढच्या आवृत्तीत यंत्रमाग हा जोखीम-घटक घालू. या लोकांचा अपेक्षित निकालच खाली ठेवू. डॉक्टरांचा गुणांक आपोआप सुधारेल."

"सर, त्यांचे डोळे चांगले आहेत."

"गुणांक सुधारेल म्हणतोय ना मी? मग अडचण काय आहे?"

अडचण काय आहे! ज्या माणसाला ओढणीतला चौथा धागा दिसतो, त्याला आम्ही आंधळा ठरवलं होतं. आता चूक सुधारायची म्हणजे काय, तर त्याच्या सगळ्या बिरादरीला जन्मतःच निम्मे आंधळे ठरवायचं, म्हणजे तक्ता शोभून दिसेल. आणि एकदा मागवाल्यांकडून अपेक्षाच ठेवायची नाही असं ठरलं, की उद्या कुणी खरोखरच त्यांचा डोळा बिघडवला तरी गुणांक हिरवाच राहणार. मी हे फोनवर मोठ्या आवाजात बोलले. बाहेरच्या बाकावरचा एक रुग्ण उठून दारातून डोकावला.

"तू दमलीयेस," निरगुडे सर म्हणाले. "रिपोर्ट पाठव."

पुढचे पाच दिवस आम्ही दोघींनी नापास एकाहत्तर जणांना एकेक करून बोलावलं. डॉक्टर फोन करायच्या, मी डबा धरायची. प्रत्येकाला दोन्ही सूचना दिल्या, दोन्ही आलेख जपून ठेवले, आणि शेऱ्यात स्वच्छ लिहिलं: 'सूचना बदलली. बदल करणारी: केतकी सातपुते.' मागावरच्या त्रेसष्टांपैकी अठ्ठावन्न पास झाले. उरलेले पाच कशानंच झाले नाहीत; त्यांच्या डोळ्यातल्या पडद्याला जुने विकार होते. मागाशी संबंध नसलेले आठ तर पट्ट्या मोजायला सांगूनही आठच्या आठ नापास राहिले. ज्या डोळ्याला दिसत नाही तो शब्द बदलून पाहायला लागत नाही. मला तेवढंच सिद्ध करायचं होतं.

खरे नापास तेरा. अपेक्षित चौदा. गुणांक ०.९३.

पाचव्या दिवशी दुपारी मी हा आकडा लिहिला आणि मामाला फोन करायचा म्हणून मोबाइल हातात घेतला. उद्याच ये, इथंच करूया, मी चुकले होते, असं सांगायचं होतं. त्याआधी मामीचाच फोन आला.

"केतकी, ह्यांना उलट्या व्हायल्यात. पित्त झालंय म्हणत्यात. डोळा बी लाल झालाय."

"कधीपासून?"

"चार दिस झालं. तुला सांगू नको म्हणले. पोरगी कामात हाय म्हणले."

मी रिक्षानं त्याला घेऊन आले. डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. तरी मला म्हणाला, "काय गं केतके, लाल दवाखान्यात आणलीस व्हय मला?"

मोमीन डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. वीसच्या आत असायला हवा, तो अठ्ठावन्न होता. पिकून फुगलेल्या मोतीबिंदूनं डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बुजवली होती. दाब चढत गेला की नजर मेंदूकडं नेणारी डोळ्यामागची नस चेपते. तासातासानं चेपते, आणि मेलेली नस परत येत नाही.

"हा तीन महिन्यांपूर्वी साधा मोतीबिंदू असणार," डॉक्टर म्हणाल्या. "पंचवीस मिनिटांचं काम. इथून चार गल्ल्यांवर राहतात हे. आणलं का नाही?"

"तुमचा आकडा लाल होता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हातमोजे चढवले आणि नर्सला म्हणाल्या, "टेबल तयार करा."

आत जाताना मामानं विचारलं, "डॉक्टरीणबाई, माझ्यामुळं तुमचा आकडा खराब हुईल का?"

"होऊ दे की, मामा," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपा बघू."

त्याच संध्याकाळी मोतीबिंदू निघाला, भिंग बसलं. दुसऱ्या दिवशी दाब सोळा. चार दिवस चेपलेली नस किती वाचली ते हळूहळूच कळेल, डॉक्टर म्हणाल्या.

महिन्याभरानं पुण्याहून तीन पत्रं आली. पहिलं डॉक्टरांना: तिमाहीचा गुणांक ०.९३ असा सुधारण्यात येत आहे. दुसरं मला: मंजूर सूचनेत परस्पर बदल केल्याबद्दल खुलासा करावा. तिसरं सगळ्यांना: पुढील आवृत्तीपासून 'पट्ट्या मोजा' ही सूचना लागू होईल. त्या परिपत्रकात कोरेआजोबांचं नाव नव्हतं, मागाचा उल्लेख नव्हता, आणि डॉक्टरांचं पहिलं पत्र मानलं असतं तर सहा महिने वाचले असते हे तर कुठंच नव्हतं.

मी खुलासा लिहिला आणि त्याला एक मागणी जोडली. नोंदणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकशे बारा रकाने आहेत. ज्यांना तारखा देऊन परत पाठवलं, त्यांचा एकही नाही. विरुपाक्ष हावळ तीन रुग्णालयांत गेले होते आणि त्या तिन्हींचा गुणांक त्यांच्यामुळं कणभरही हलला नाही. न केलेल्या शस्त्रक्रियेचा निकाल कधी खराब येत नाही. हिरवं राहायचा याहून सोपा मार्ग कुठला? तेव्हा एक रकाना नाकारलेल्यांचा घाला. कुणी नाकारलं, कधी, काय कारण दिलं, आणि पुढं त्या माणसाचं काय झालं.

उत्तर एका ओळीचं आलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' मी दर सोमवारी तेच पत्र पुन्हा पाठवते. आता त्याखाली मोमीन डॉक्टरांची सही असते, कोरेआजोबांची, आणि सत्तावन्न इतरांची. सगळ्यांनी ओळीवर सरळ सह्या केल्यात.

ऑक्टोबरात मामाचे नव्वद दिवस भरले. नातलगाची नोंद मी करायची नसते, म्हणून डॉक्टरांनी डबा धरला आणि मी बाजूला उभी राहिले. मामा नवा सदरा घालून, मामीचा हात धरून आला होता. आकडा त्यानं खिशात आणला होता, वहिफणीचा. पस्तीस वर्षं वापरून त्याची मूठ गुळगुळीत झाली होती.

"पट्ट्या मोजा," नव्या आवाजात यंत्र म्हणालं.

मामा बराच वेळ डब्यात पाहत राहिला. पडद्यावर सरळ रेघ होती. डॉक्टरांनी जाडी वाढवली. आणखी वाढवली. सगळ्यात जाड पट्ट्या, हाताच्या पंजाएवढ्या.

"सुरू झालं का गं, केतके?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी डबा बाजूला ठेवला आणि त्याच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. मग मागं सरकून पुन्हा हलवला. मग जवळ येऊन. "आता हललं कायतरी," तो म्हणाला. त्यांनी टेप काढून अंतर मोजलं आणि नोंद भरली.

हावळ विरुपाक्ष, वय ६१. उजवा डोळा. अपेक्षित नजर: ६/९. प्रत्यक्ष नजर: हाताची हालचाल, ४० सेंटिमीटर.